बचनाग चाखणारी

रोज सकाळी उठल्यावर शुनयिंग आधी स्वतःची जीभ बघायची. खिडकीपाशी खिळ्याला तळहाताएवढा आरसा टांगलेला असे. त्याच्यासमोर ती तोंड उघडून उभी राहायची आणि बाजारात भाजी पारखावी तशी जीभ पारखायची. पांढरा थर जाड असला तर रात्रीचं जेवण जड झालं. कडा लाल असल्या तर कुणावर तरी राग धरून झोपली होती. मग त्याप्रमाणे दिवस ठरायचा. आज आल्याचं पाणी, आज संत्र्याची वाळकी साल, नाहीतर आज काहीच नको, नुसती पेज आणि दुपारी पाठीवर ऊन.

घाणेगल्लीतल्या लोकांनाही तिने ही खोड लावून ठेवली होती. कुणी नळावर भेटलं की कसे आहात वगैरे नाहीच, थेट "जीभ काढ." आणि माणसं काढायची. वीजबिल वाटणाऱ्या माणसाने काढली होती, वरात घेऊन निघालेल्या नवऱ्यामुलानेही घोड्यासारखं तोंड वासून काढली होती. झोपण्याआधी कडू पाल्याच्या गरम पाण्यात पाय बुडवा, मानेला वारा लागू देऊ नका, सकाळी शिंगाच्या कंगव्याने डोकं विंचरा, हे तिचं सगळ्यांना सांगणं. गार पाणी पिणाऱ्याकडे तर ती चोराकडे बघावं तशी बघायची. तिच्यामुळे गल्लीत आजारपण कमी होतं की नाही देव जाणे, पण आजारी पडणारा माणूस तिच्या दारावरून जाताना खाली मान घालून जायचा एवढं खरं.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि एका सकाळी तिने जीभ बाहेर काढली तर ती सरळ आली नाही. डावीकडे वळली. तिने आत घेतली, पुन्हा काढली. पुन्हा डावीकडेच. अंगठ्याच्या नखाने डावी बाजू दाबून पाहिली, काही कळलं नाही. याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शेजारच्या यांगच्या बायकोची जीभ अशीच वळली होती, तेव्हा हिनेच ओरडून सांगितलं होतं की अंगात वारं शिरलंय, अर्धांगाचा झटका आहे, आजच्या आज दवाखान्यात न्या. त्यांनी दोन दिवस लावले आणि ती बाई गेली. हे सगळं शुनयिंगला नीट आठवत होतं. तरी तिने काय केलं, तर आरसा फिरवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

पुढे जिभेचं टोकही गेलं. गेलं म्हणजे सुन्न झालं असंही नाही, त्यापेक्षा वाईट झालं. जिभेला सतत मुंग्या येऊ लागल्या. पेज खाल्ली तरी मुंग्या, नुसतं कोमट पाणी प्यायलं तरी मुंग्या. दुसऱ्या कुणा बाईने हे सहन केलं असतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. पण शुनयिंगची जीभ तिच्या एकटीची नव्हती. वर्षातून एक दिवस ती सगळ्या गल्लीची होती, आणि तो दिवस जवळ येत होता.

हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशी घाणेगल्ली एकत्र बचनाग खाते. डोंगरातून आणलेल्या त्याच्या विषारी मुळ्या, डुकराचे पाय, आलं आणि सोललेल्या लसणाची टोपली, हे सगळं मोठ्या मातीच्या हंड्यात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत रटरटत ठेवायचं. नीट शिजला तर तो बटाट्यासारखा पिठूळ लागतो, हाडातली थंडी काढतो, म्हाताऱ्यांचे गुडघे वसंतापर्यंत कुरकुरत नाहीत. नीट शिजला नाही तर माणूस जेवता जेवता जातो. इथे जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. खालच्या बाजूला कुंभारांची आळी आहे, तिथले लोक हिवाळ्यात हा पदार्थ करत नाहीत. त्यांनी एकदा केला होता. कुणीतरी हंड्यातलं पाणी आटलं म्हणून त्यात गार पाणी ओतलं होतं.

गार पाणी म्हणजे संपलं. पाणी घालायचंच तर शेजारच्या चुलीवर उकळत ठेवलेल्या किटलीतलं. हंड्याची उकळी एकदा जरी मोडली तरी विष मुळीच्या पोटात दडून बसतं, आणि मग दोन दिवस शिजवा की चार दिवस, ते बाहेर येत नाही असं इथे सगळे मानतात. "हंडा बोलत राहिला पाहिजे," शुनयिंगची सासू म्हणायची. "तो गप्प झाला की आपण बोलायचं."

सगळ्यांनी खाण्याआधी एकजण चाखतो. मुळीचा तुकडा जिभेवर ठेवायचा, चावायचा, गिळायचा आणि उदबत्ती लावून बसायचं. उदबत्ती विझेपर्यंत जिभेला मुंग्या आल्या नाहीत तर चाखणाऱ्याने मान खाली-वर हलवायची. मग वाट्या पुढे होतात.

शुनयिंग या घरात सून म्हणून आली त्याच हिवाळ्यात सासूने तुकडा तिच्या हातावर ठेवला होता. तोवर सासूच चाखायची. नव्या सुनेला वाटलं, आपला केवढा मान. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत तिला तसंच वाटत होतं. मग तिने समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सासरा होता, नवरा होता, दोन दीर होते, शेजारपाजारचे बाप्ये होते, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. घरात सगळ्यांत कमी दिवसांची, अजून मूल न झालेली, जिच्या जाण्याने कुणाचं काही अडणार नव्हतं अशी त्या खोलीत ती एकटीच होती. पण जिभेला काही झालं नाही, तिने मान हलवली आणि लोक जेवले.

मान पुढे मिळाला, तोही खरा. दरवर्षी चाखता चाखता तिची जीभ इतकी तयार झाली की मुळी किती वर्षांची आणि डोंगराच्या कुठल्या अंगाची तेसुद्धा ती सांगायची. ती ज्या शेवयांच्या कारखान्यात कामाला होती तिथे तिला कुणी विचारत नव्हतं, पण त्या दिवशी कारखान्याचा मुकादमही वाटी घेऊन तिच्या मानेकडे डोळे लावून बसायचा. नवरा गेला, मुलगा ट्रक चालवायला लागला आणि महिनोन्महिने बाहेर राहू लागला, तरी हंडा तिच्याच अंगणात चढत राहिला. तेवढा दिवस ती कुणीतरी होती. माणूस एवढ्यावरही जगतो.

आणि आता सून होती. युनशिया. तिला चार वर्षांची मुलगी होती, ताओताओ. जीभ गेली असं शुनयिंगने सांगितलं असतं तर गल्ली काय म्हणाली असती हे तिला पाठ होतं. वाईट झालं म्हणाली असती, आलं उगाळून लावा म्हणाली असती, आणि मग सगळ्यांच्या माना युनशियाकडे वळल्या असत्या.

तो दिवस उजाडायच्या आतच तिने हंडा चढवला. थोड्या वेळाने यांग देफू आपलं स्टूल घेऊन हजर झाला. बायको गेल्यापासून तो बहुतेक वेळ शुनयिंगच्याच अंगणात असायचा, आणि बचनागाची वाट तर तो उन्हाळ्यापासूनच बघायला लागायचा.

"वहिनी, गुडघे रात्रीपासून विचारतायत, कधी जेवायचं म्हणून."

"गुडघ्यांना सांग, तोंड बंद ठेवा. आणि तूही ठेव."

"जीभ बघता का माझी?"

"नको. सकाळी सकाळी कशाला."

यांग जरा चमकला. जीभ बघायला ही बाई नाही म्हणते असं कधी झालं नव्हतं. पण तो हसला आणि लसूण सोलायला लागला.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. हंडा एका सुरात बोलत होता, शुनयिंग किटलीतलं उकळतं पाणी मधून मधून घालत होती. लोक येऊन डोकावून जात होते. दोन-तीन वेळा तिच्या हनुवटीवरून चहाचा ओघळ खाली आला आणि तिला तो कळलाही नाही. युनशियाने फडकं पुढे केलं तेव्हा कळलं.

"आई, तुम्ही थोडं पडता का? मी बसते हंड्यापाशी."

"मी बसलेय तेवढं पुरे."

"हात लावणार नाही मी. नुसती बसते."

"तू ताओताओला बघ. तिला आज अंगणात सोडू नकोस."

सून गेली. ऊन पाठीवर आलं. आदल्या रात्री शुनयिंगचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि हिवाळ्यातलं दुपारचं ऊन काय असतं ते म्हाताऱ्या माणसाला विचारावं. तिने भिंतीला डोकं टेकलं. हंडा बोलत होता. ती ऐकत होती, असं तिला वाटत होतं.

तिला जाग आली ती शांततेने.

अंगणात आवाजच नव्हता. ती ताडकन उठली तोवर हंड्यातून पुन्हा एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग हळूहळू रटरट सुरू झाली. पाणी काठाजवळ होतं. ती डोळे मिटत होती तेव्हा ते बरंच खाली होतं. किटली आपल्या चुलीवर होती, भरलेली. यांग स्टुलावर बसून लसणाच्या साली गोळा करत होता. नळाखालचा तांब्या ओला होता, पण तो दिवसभर ओलाच असतो.

विचारायचं होतं एवढंच, की पाणी कुणी घातलं. पण विचारायचं म्हणजे हंड्यापाशी आपल्याला झोप लागली हे सांगायचं. इतक्या वर्षांत ती हंड्यापाशी एकदाही झोपली नव्हती.

"काय रे, कोण आलं होतं?" तिने नुसतंच विचारलं.

"कोण येणार?" यांग म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "लाकडं घालू का अजून?"

किटलीतलं असेल, तिने स्वतःला समजावलं. किटलीतलं घातलं असेल आणि किटली पुन्हा भरून ठेवली असेल. पण उकळतं पाणी घातल्यावर हंडा गप्प होतो का? की गप्प झालाच नव्हता आणि आपले कानही जिभेच्या वाटेने निघाले? जीभ धड असती तर हा प्रश्न एका उदबत्तीत सुटला असता. हंडा ओतून द्यावा, तर त्यात सगळ्या घरांतून आलेलं मांस होतं, आणि ओतण्याचं कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं की पुढचं सगळं आलंच. ती चुलीपाशी बसून राहिली आणि आपली भीती लाकडांवर काढत राहिली. एवढी लाकडं कशाला घालता, असं कुणीतरी म्हणालं, त्याला तिने फाडून खाल्लं.

दिवेलागणीला लोक आले. वारा लागू नये म्हणून हंडा उचलून मोठ्या खोलीतल्या पेटत्या शेगडीवर रटरटत ठेवला, दारं लावली. माना मफलरमध्ये गुंडाळून बायका-पुरुष भिंतीला टेकून बसले. वाट्यांचा आवाज होत होता. लसणाच्या वासाने सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शुनयिंगने झाकण काढलं, तेवढ्यात युनशिया तिच्याजवळ येऊन खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"आई, या वर्षी मी चाखू का?"

"का? मी मेले का?"

"तसं नाही. तुमच्या तोंडाचं काहीतरी झालंय. मला दिसतं."

"काही झालेलं नाही."

"मग जीभ दाखवा."

सुनेच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकून शुनयिंगला क्षणभर हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर. तिने युनशियाकडे पाहिलं. बाहीला ताओताओची पेज सांडलेली होती. ही काय मागतेय ते हिला ठाऊकही आहे, म्हणून तर हळू आवाजात मागतेय. माझ्या वेळी मला कुणी विचारलंही नव्हतं, तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला फार राग आला. सासूचा, सासऱ्याचा, त्या जुन्या दिवशी तोंडाकडे बघत बसलेल्या सगळ्यांचा, आणि आज तसेच बसलेल्या या सगळ्यांचाही.

"जा, तिकडे बस," ती म्हणाली. "माझ्या घरात मी असेपर्यंत दुसरं कुणी चाखणार नाही."

मग तिने तुकडा घेतला नाही. वाटी घेतली. हंड्यात पळी बुडवून तळापासून काढली आणि वाटी काठोकाठ भरली.

"वहिनी," यांग म्हणाला, "चाखताय की जेवून घेताय?"

लोक हसले.

"या वर्षी वाटीभर," शुनयिंग म्हणाली. शब्द जड निघत होते म्हणून ती सावकाश बोलत होती. "आणि दोन उदबत्त्या. एकीनंतर दुसरी. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"दोन? अहो, उपाशी मारता का? ही कुठली नवी रीत?"

"ज्याला घाई असेल त्याने घरी जाऊन पेज प्यावी."

तिने पहिली उदबत्ती लावली आणि खायला सुरुवात केली. चव लागत नव्हती. पिठूळ आहे एवढं दातांना कळत होतं. जिभेच्या मुंग्या सकाळपासून होत्या तशाच होत्या, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने रिकामी वाटी खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि बोटांकडे बघत बसली. जीभ फितूर झाली होती, पण बोटं अजून तिची होती. विष असेल तर ते बोटांपर्यंत येईल. तेवढा वेळ हे सगळे थांबायला हवेत, बस.

पहिली उदबत्ती संपत आली. बोटं ठीक होती. कुणीतरी भाताचं पातेलं पुढे ओढलं. शुनयिंगला वाटू लागलं, नसेलच काही. यांगने किटलीतलंच घातलं असेल. उद्या सकाळी आपणहून दवाखान्यात जाऊ, आरसा सरळ करू, आणि पुढच्या वर्षी हंडाच नको म्हणून सांगू. तिने दुसरी उदबत्ती हातात घेतली.

ती तिच्या हातातून पडली.

करंगळीत सुरू झालं, मग सगळ्या बोटांत, दोन्ही हातांच्या. ओठ कुणीतरी शिवून टाकल्यासारखे घट्ट झाले. छातीत धडधड एकदा जोरात झाली आणि मग रेंगाळली. थांबा, असं तिने म्हटलं. म्हणजे तिला वाटलं की म्हटलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला, आणि मान, जी तिला ताठ धरायची होती, छातीवर कलंडली. तिने ती जिवाच्या आकांताने वर उचलली. ती पुन्हा कलंडली.

"हलवली," कुणीतरी म्हणालं. "मान हलवली. चला."

वाट्या पुढे झाल्या. इतका वेळ ताटकळलेली माणसं एकदम उठली. पळी हंड्यात गेली. पहिली वाटी म्हाताऱ्या यांगला दिली गेली, दुसरी युनशियाच्या हातात आली. शुनयिंगला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. ओरडता येत नव्हतं, बोट दाखवायला हात वर होत नव्हता.

दाराशी वाट्या विसळायची बादली होती. त्यात नळाचं गार पाणी होतं. शुनयिंग कशी उठली हे त्या खोलीतल्या कुणालाही नंतर सांगता आलं नाही. भिंतीला खांदा घासत ती गेली, दोन्ही कोपरांनी बादली छातीशी कवटाळली, वळली, आणि लोकांच्या अंगावर आदळत हंड्यापर्यंत आली. कुणाला कळायच्या आत तिने सगळी बादली हंड्यात रिती केली.

हंडा गप्प झाला.

त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता की ज्याला त्याचा अर्थ कळला नाही. ओठांशी गेलेल्या वाट्या तशाच थांबल्या. एका बाईने आपल्या नवऱ्याच्या हातावर फटका मारून वाटी पाडली. यांग देफूने आपली वाटी खाली ठेवली.

"तांब्याभरच," तो म्हणाला. "तुमचा डोळा लागला होता, पाणी आटलं होतं. किटलीचा कान तापला होता म्हणून... तांब्याभरच घातलं हो, वहिनी. तुम्हाला उठवायचं जिवावर आलं."

शुनयिंग हंड्याशेजारी बसली होती, ओली चिंब. यांगचा मुलगा टेम्पो आणायला पळाला, दवाखाना डोंगराखाली होता आणि रस्ता वळणांचा होता. युनशियाने सासूचं डोकं मांडीवर घेतलं. सासूचे हात बर्फासारखे गार झाले होते, या बाईने जन्मात कधी गार होऊ दिले नसतील असे. काय करावं ते युनशियाला समजेना, आणि काही सुचेना तेव्हा या गल्लीत जे करतात तेच तिने केलं.

"आई, जीभ दाखवा."

शुनयिंगने ओठ उघडले. जीभ हळूच बाहेर आली, आणि पूर्ण डावीकडे वळली.

युनशिया त्या जिभेकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं, हा त्या वाटीचा परिणाम असेल. मग तिची नजर खिडकीकडे गेली. थंडी सुरू झाल्यापासून तो आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. झाडताना तिने तो दोनदा सरळ केला होता, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उलटा झाला होता.

"तुम्हाला कळणारच नव्हतं," ती म्हणाली. "चाखून तुम्हाला काही कळणारच नव्हतं, आणि तरी तुम्ही मला चाखू दिलं नाही."

बाहेर टेम्पोचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. शुनयिंगचे डोळे उघडे होते, आणि ते सुनेने बाजूला ठेवलेल्या भरल्या वाटीवर होते. युनशियाने ती जमिनीवर ओतून टाकली आणि रिकामी वाटी तिला दाखवली, तेव्हा कुठे तिने मान हलवली.